फणेरपेटीची गुंडाळी

घाटकोपरच्या त्या बाईंनी माझ्या गालावरून ओला टॉवेल फिरवला, तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मरोळच्या शाळेत तिसरीला शिकवत होते आणि वर्गातली दांडगी पोरं माझ्या नुसत्या बघण्यानं गप्प बसत होती. पण त्या घरात मी पाटावर मान खाली घालून बसले होते, कारण मला दाखवायला आणलेलं होतं. मुलाच्या आत्या टॉवेलाचं टोक भिजवून आतून आल्या, माझी हनुवटी धरून "बघू गं" म्हणाल्या आणि त्यांनी माझा गाल पुसला. टॉवेलावर पांढरं आलं. ते टोक त्यांनी सगळ्यांना दाखवलं. "तरी म्हटलं, हात असे वेगळे कसे," म्हणाल्या आणि टॉवेल वाळत घालायला निघून गेल्या.

चूक मावशीची होती. आईची थोरली बहीण, गिरगावात राहणारी, आणि मला खपवायचं काम तिनं स्वतःच अंगावर घेतलेलं. मी सावळी. सावळी हा आईचा शब्द, मावशीचा शब्द त्याहून दोन छटा गडद होता. मला दाखवायला नेताना प्रत्येक वेळी मावशी पर्समधून गुलाबाच्या उग्र वासाची पावडरची डबी काढायची आणि माझ्या तोंडावर थापायची. तोंड पांढरं, कान आणि मान मूळ रंगाची. हात पदराखाली झाकून जातील असा तिचा हिशेब असायचा. पण परक्या घरीसुद्धा पोह्यांच्या बशा द्यायला मुलीलाच उठवतात आणि बशा काही तोंडानं देत नाहीत, हे तिच्या डोक्यात कधी आलं नाही.

आणखी एक वाईट रीत आमच्याच घरची होती. एरवी मुलगी बघायला मुलाकडचे येतात. पण अंधेरीला यायचं म्हटलं की लोक नाक मुरडायचे. आमचं घर स्टेशनपासून लांब, मध्ये आमराई, घोडागाडी मिळाली तर मिळाली. मग बाबा घाईघाईनं म्हणायचे, "तुम्ही कशाला त्रास घेता, आम्हीच मुलीला घेऊन येतो." असं करून मला बोरीवलीला नेलं, सांताक्रूझला नेलं, घाटकोपरला नेलं. प्रत्येक वेळी उन्हातान्हातून, घामानं पावडरीचे ओघळ येईपर्यंत. घर जवळ आलं की मावशी वाटेतच ओघळांवर आणखी थापायची.

घाटकोपरहून परत आलो तेव्हा आई रडली. मी मात्र चिडले होते, आणि माझा राग रडून जाणारा नव्हता. दुसऱ्याच दिवशी मी आईला म्हटलं, "यापुढे माझं तोंड मी बघीन. कुणी हात लावायचा नाही."

"म्हणजे काय करणार तू?" आईनं विचारलं.

"फणेरपेटी करणार. माझी."

घरात एक फणेरपेटी होती. शिसवी लाकडाची, झाकणात आरसा, आत कुंकू, मेण, फणी यांचे कप्पे. आईला लग्नात मिळालेली. ती घेऊन प्रवास करायचा तर हमालच करावा लागला असता. मला खांद्याच्या पिशवीत मावणारी हवी होती. जुन्या गादीचा एक पट्टा उरला होता, निळ्या रेघांचा, चिवट. तो घेऊन मी शिवायला बसले. आत कप्पे घातले, खालच्या कप्प्याला मेणकापडाचं अस्तर लावलं म्हणजे ओला साबण ठेवला तरी कापड भिजणार नाही. सगळं भरून गुंडाळायचं आणि वरून नाडीनं बांधायचं. गुंडाळी हातभरसुद्धा नव्हती.

काय भरायचं हे ठरवायला मात्र वेळ लागला, कारण मी हट्टानं ठरवलं होतं की लपवायला लागणारी एकही वस्तू यात जाणार नाही. साबणाची वडी दोऱ्यानं कापून अर्धी घेतली. अर्ध्या पंचाचा टॉवेल शिवला. शिंगाची छोटी फणी, केसांचे आकडे काळ्या दोऱ्यात ओवून, हातावर मावणारा गोल आरसा, मेणाची डबी, कुंकवाची डबी. काजळ घेऊ की नको यावर मी दोन दिवस घातले. शेवटी घेतलं, कारण काजळ मला आवडायचं आणि काळ्यावर काळं लावण्यात लबाडी कसली? धाकट्या बहिणीनं विचारलं, "आणि पावडर?" मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती वर्गातल्या पोरांसारखी गप्प बसली.

पण माझी खरी अडचण चेहरा नव्हतीच. त्या घरांमध्ये शिरलं की माझे हात गार पडायचे, छातीत धडधडायचं आणि जिभेला कोरड पडायची. त्यात तो गुलाबाचा वास नाकाशी. अजून कुणी ती पावडर लावून जवळून गेलं की मला पाटावर बसल्यासारखं वाटतं. म्हणून मी ठरवलं, वाससुद्धा माझा असला पाहिजे.

उन्हाळ्यात बाबा माठात वाळा टाकायचे. शाळेतून तापून यायचं, माठाशी वाकायचं, आणि पेला तोंडाला लावायच्या आधीच त्या वासानं जिवाला बरं वाटायचं. मी बाजारात काष्ठौषधीवाल्याकडे गेले. वाळा, नागरमोथा, थोडी कापूरकाचरी मागितली. त्यानं विचारलं, "घरात कुणाला उष्णता झालीय का?" मी म्हटलं, "मलाच झालीय, डोक्यात." तो हसला नाही, पुड्या बांधून दिल्या.

घरी आल्यावर खलबत्त्यात जाडसर कुटलं आणि मलमलीच्या तुकड्यात पुरचुंडी बांधली. कोरडी असताना तिला फारसा वास नव्हता. पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि तळहातात दाबून धरली की तिचा वास उठायचा, ओल्या मातीसारखा, त्यात कापूरकाचरीचा किंचित तिखटपणा. मग डोळे मिटायचे, सावकाश श्वास घ्यायचा, सोडायचा, पुन्हा घ्यायचा. मध्ये कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. शाळेत दिपोटी, म्हणजे सरकारी तपासनीस, आले त्या दिवशी मी हे पहिल्यांदा करून पाहिलं. मुख्याध्यापकांच्या कपाळाला घाम फुटला होता, आणि मी पाढे म्हणून घेत निवांत उभी होते. त्या दिवशी माझी खात्री पटली.

मग मुलुंडचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, पुढे ओटा, मागे विहीर. बाबांच्या कचेरीतल्या एका स्नेह्यांनी सुचवलेलं. आमची वरात निघाली: बाबा, आई, मी, आणि दादरला गाडी बदलताना येऊन मिळालेली मावशी. तिनं बायकांच्या वेटिंग रूममध्ये मला बाकावर बसवलं आणि पर्स उघडली.

"मावशी, राहू दे," मी म्हटलं.

"राहू दे काय? घाटकोपरला झालं ते झालं. या वेळी हातांनापण लावते ना!"

आईचे डोळे भरून आले होते. "माझ्यासाठी गं," ती म्हणाली.

मी एकदम हसले. म्हटलं, "लाव. हातांना पण लाव. मानेला पण लाव." मावशीला वाटलं, पोरगी आली ताळ्यावर. तिनं मनसोक्त थापलं. मी मांडीवरच्या गुंडाळीवर हात ठेवून स्वस्थ बसून राहिले.

मुलुंडला त्या घरी पोचलो तेव्हा ओट्यावर मुलाचे वडील, आई आणि मुलगा उभे होते. पायरीशी पाण्यानं भरलेलं तांब्याचं घंगाळ आणि वर तांब्या ठेवलेला. मुलाची आई रीतीप्रमाणे म्हणाली, "उन्हाचे आलात. हातपाय धुऊन घ्या."

"हो, बरं होईल," मी म्हटलं आणि पायरीवर बसून गुंडाळी सोडली.

मी पुरचुंडीवर पाणी शिंपडलं, तळहातात दाबली आणि श्वास घेतला. मावशीनं मागून दंडाला चिमटा काढला. मी ओ दिली नाही. मग साबण काढला आणि तोंड धुतलं. नीट धुतलं, कानांच्या मागे, मानेपर्यंत, कोपरापर्यंत हात. घंगाळाभोवती पांढुरकं पाणी ओघळत गेलं आणि तुळशीच्या वाफ्यात शिरलं. टॉवेलानं तोंड पुसलं, आरसा गुडघ्यावर टेकवून केस नीट केले, मेण लावलं, वर कुंकू टेकवलं. काजळ आधीचं टिकलं होतं. सगळं आवरायला मी मुळीच घाई केली नाही. घाटकोपरच्या घरात धडधडलेलं ते हेच काळीज, आणि आता ते अगदी ठिकाणावर होतं. मला इतका आनंद झाला होता की गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण गाणं म्हणायला लावतील या भीतीनं मी गप्प बसले.

उठले तेव्हा मुलगा अगदी समोर होता. गोरा, चापून तेल लावलेला. आणि त्याच्या कॉलरच्या आत, कानाखाली, पांढरी पावडर गोळा झाली होती. मी पाहिलं आणि त्यानं ते मी पाहिलेलं पाहिलं.

"उकाडा फार आहे," मी साबण पुढे करत म्हटलं, "तुम्हालाही तोंड धुवायचं असेल तर घ्या."

त्याच्या वडिलांना हसू आवरेना. मुलगा लाल झाला. साबणाकडे बघत उभा राहिला, पण हात काही पुढे आला नाही. आत गेल्यावर पोहे झाले, प्रश्न झाले. "स्वयंपाक येतो का?" विचारलं, मी "येतो" म्हटलं. "नोकरी सोडणार का?" विचारलं, मी "नाही" म्हटलं. परतीच्या वाटेवर मावशी दादरपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

रविवारी सकाळी ते स्नेही आमच्या घरी आले. चहा व्हायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "मुलगी पसंत आहे."

आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबा उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले, त्यांना काय करावं कळेना. आणि खोटं कशाला सांगू, मलाही आनंद झाला. मला, धुतल्या तोंडाच्या मला, कुणीतरी हो म्हटलं होतं. घटकाभर मला तो गोरा मुलगा चांगला वाटायला लागला.

मग स्नेही जरा घुटमळले. "एक बारीकशी गोष्ट आहे," ते म्हणाले. "लग्नात आणि नंतर चारचौघांत जाताना मुलीनं पावडर लावावी. त्यांच्यात सगळे उजळ आहेत ना, लोक बोलतात. आणि हे आईचं म्हणणं नाही बरं, मुलानं स्वतः सांगितलंय."

"एवढंच ना?" आई म्हणाली. "लावेल की. चिमूटभर पावडरीचं काय एवढं!"

मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते. म्हटलं, "मी लावणार नाही. आणि मी हे लग्नही करणार नाही."

पुढे जे झालं ते कुठल्याही घरात होईल तेच. आई म्हणाली, धाकटी तुझ्यामागे खोळंबलीय. स्नेही म्हणाले, पुन्हा असं स्थळ येणार नाही. तेही खरं असेल, आणि तेव्हा मला ते अगदी खरंच वाटत होतं. घरात एकटीनं म्हातारं व्हायचं, बहिणीच्या मुलांना सांभाळायचं, हे सगळं मला दारात उभ्या उभ्या दिसलं. पण त्या मुलानं माझा चेहरा नीट पाहिला होता. पाहून, विचार करून, तो झाकायला सांगितला होता. टॉवेलवाल्या बाईपेक्षा मला याचा राग जास्त आला.

स्नेही गेले. चार वाजता बाबांनी कोट घातला.

त्या काळी नकार नेहमी मुलाकडून यायचा आणि कधीच उघड यायचा नाही. "पत्रिका जुळत नाही" एवढं सांगून लोक मोकळे व्हायचे. आमच्याकडे तशा कितीतरी न जुळलेल्या पत्रिका जमल्या होत्या. बाबांवर मात्र नकार द्यायची वेळ कधीच आली नव्हती.

"मुलुंडला जाऊन येतो," ते म्हणाले. "नाही तर ते तयारीला लागायचे. पत्रिका जुळली नाही म्हणून सांगतो."

"पत्रिकेचं नाव घेऊ नका," मी म्हटलं.

"मग काय सांगू?"

"आमच्या मुलीला मुलगा पसंत नाही, असं सांगा."

ते चपला घालता घालता थांबले. आयुष्यभर त्यांनी साहेबासमोर, मुलाकडच्यांसमोर, घरमालकासमोर मान लववलेली. उंबऱ्यात उभं राहून ते वाक्य त्यांनी माझ्यासमोर एकदा म्हणून बघितलं. "आमच्या मुलीला..." एवढं म्हणून ते पुन्हा चपलांकडे बघायला लागले.

"पुन्हा म्हणा," मी म्हटलं.

त्यांनी घसा खाकरला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा म्हटलं. या वेळी शेजारच्या बिऱ्हाडातसुद्धा ऐकू गेलं.