आहुप्याच्या कड्यावरचं घर

आधीच सांगते, मला असल्या गोष्टी आवडत नाहीत आणि त्या रंगवून सांगणारी माणसं तर त्याहून आवडत नाहीत. चाकणच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं क्वालिटीमध्ये आहे. पार्ट हातात आला की मोजायचा, मापात नसला की रिजेक्ट. देवाचा कौल, अंगात येणं, दृष्ट... या सगळ्याला मी केव्हाच रिजेक्टचा शिक्का मारून ठेवला होता. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा मी वाचायचे ते चुका काढायला. त्यामुळे आज मीच इथे लिहितेय याचा मला मनस्वी राग आहे. पण ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी मला इतकं समजावलंय, की एकदाच सगळं लिहून टाकते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, घोडेगावचे गवंडी. विहिरी बांधायच्या, घरांची जोती घालायची, हे त्यांचं काम. चार वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी सकाळी ते घरातून निघाले ते परत आलेच नाहीत. आधीची दोन वर्षं त्यांना विसर पडत चालला होता. नातवंडांची नावं विसरले, जेवलो का ते विसरले, पण खिशातला ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायचा तो दोरीचा लंबक, कधी विसरले नाहीत. जातानाही तोच खिशात होता.

आम्ही काय काय नाही केलं? पोलिसांत तक्रार दिली. पारगावला ऊसतोड्यांच्या कोप्यांजवळ कुणी पाहिलं म्हणे, तिकडे धावलो. खोडदला त्या मोठ्या दुर्बिणींच्या कुंपणाशी एक म्हातारा बसलेला असतो म्हणे, तिकडे गेलो. तो म्हातारा वेगळाच निघाला. मग उसात बिबट्याने नेलं असेल, असं लोक बोलायला लागले. माझ्या तोंडावर!

गेल्या हिवाळ्यात दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, विषय काढला. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं. घरात शुभकार्य आहे, अण्णांचं असं टांगतं ठेवायला नको. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देऊ, दहावं घालू, मोकळं होऊ. मोकळं! आई अजून रोज सकाळी कुंकू लावते. तो पुतळा जळला की तिचं कुंकू पुसायला भावकीतल्या बायका पुढे सरसावणार, हे मला दिसत होतं. आणि समजा दुसऱ्या दिवशी अण्णा दारात उभे राहिले तर? दादा माझ्यावर चिडला, मी दादावर. शेवटी आई म्हणाली, "नंदे, तू शिकलेली हायेस. तू म्हनशील तसं करू."

झालं. माझा बाप जिवंत की मेलेला हे मी ठरवायचं.

ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, एकटी कुठेतरी डोंगरावर जा, ध्यान कर, उत्तर आतून येईल. मला ध्यानबिन काही येत नाही. पण घरात बसून डोकं फुटायची वेळ आली होती. डिसेंबरात तीन दिवसांची रजा टाकली आणि डिंभ्याच्या धरणाच्या कडेकडेने जाणाऱ्या एसटीने आहुप्याला गेले. आंबेगाव तालुक्याचं हे अगदी पश्चिमेचं टोक. पुढे कडा, आणि खाली कोकण. पाऊस कधीच संपलेला, धुकं नाही, गवत वाळून पिवळं झालेलं. लख्ख ऊन होतं, हे मुद्दाम लिहितेय.

कोंडाजी आणि हिराबाई या जोडप्याच्या घरी उतरले होते. दुपारी भाकरी खाऊन कड्यावर गेले. तिथे पर्यटकांनी दगडांवर दगड रचून ठेवलेले असतात. आपल्याकडे बऱ्याच देवस्थानांच्या डोंगरांवर लोक तसं करतात, देव खरं घर देतो म्हणून. आम्ही लहानपणी लेण्याद्रीला जायचो तेव्हा अण्णाही रचायचे. पण ते पडले गवंडी! चार दगडांची नुसती चळत त्यांना चालायचीच नाही. दोन उभे दगड, मागे एक, वर सपाट छप्पर, पुढे दार. दगड हलू नये म्हणून खाली कपरी, म्हणजे दगडाची बारीक चीप, मारायची, तीही आतल्या बाजूने. बाहेरून कपरी दिसली तर गवंड्याची लाज जाते म्हणायचे. एकदा मी विचारलं, घरात राहणार कोण? तेव्हापासून ते आत तीन खडे ठेवायला लागले. पांढरी गारगोटी मी, तांबडा खडा दादा, काळा गुळगुळीत खडा आई. "आणि तुम्ही?" तर म्हणायचे, "गवंडी घर बांधतो, राहत न्हाई."

तर त्या कड्यावर, पर्यटकांच्या वेड्यावाकड्या चळतींपासून लांब, उतरत्या कातळावर गुडघ्याएवढं घर होतं. दोन उभे दगड, मागे एक, वर छप्पर. दार पूर्वेला, घोडेगावच्या दिशेला.

मी आधी मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप काढलं. हसा खुशाल. छपरावर फोन ठेवला. शून्य. मग गुडघ्यावर बसून आत हात घातला. आतल्या बाजूने कपऱ्या होत्या. आणि तीन खडे — पांढरा, तांबडा, काळा.

मी पळत सुटले. अण्णा जिवंत आहेत, इथेच कुठेतरी आहेत, याशिवाय दुसरा विचारच मनात नव्हता. कोंडाजींना फोनवरचा त्यांचा फोटो दाखवला. त्यांनी तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

"न्हाई ताई. ह्यो माणूस हिकडं आला न्हाई. अवो, चार घरं आमची. अनोळखी कुत्रं आलं तरी आमाला कळतंय."

हिराबाई म्हणाल्या, "आन् त्या कातळाव कालपत्तुर कायबी नव्हतं. मी काल तिथंच गवताचा भारा बांधला की."

तरी मी संध्याकाळपर्यंत घरोघर फोटो दाखवत फिरले. कुणीच पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कड्यावर गेले आणि घरासमोर बसून राहिले. दहा वाजले, अकरा वाजले. कुणी नाही. आणि मग माझं डोकंच फिरलं. चार वर्षं! चार वर्षं आई प्रत्येक एसटीच्या आवाजाला मान वर करते, आणि हे इथे दगडांशी खेळतायत? मी ओरडले. "असाल तर समोर या! नसाल तर नाही म्हणून सांगा! हे काय लावलंय?" आणि लाथ घातली. चारही दगड चार दिशांना गेले, खडे गवतात उडाले. बाप असो की कुणी असो, मला तेव्हा जराही वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात हिराबाईंनी जेवायला हाक मारली. मी गेले, अर्ध्या तासात परत आले. कड्यावर यायला एकच वाट आहे आणि त्या वाटेवर कोंडाजी बैल चारत बसले होते.

"कुणी गेलं का इकडून?"

"कुणी न्हाई. तुमीच गेल्या आन् तुमीच आल्या."

घर उभं होतं. तेच दगड, तसंच छप्पर, पूर्वेला दार. गवतात उडालेले तिन्ही खडे आत. फोन ठेवला, पुन्हा शून्य. कोंडाजी माझ्या मागून आले होते. त्यांनी चप्पल काढून ठेवली आणि हात जोडले. मी नाही जोडले. मला भीतीही वाटली नाही, नुसता संताप आला. म्हणजे माझं ऐकू येतंय, घर पुन्हा बांधता येतंय, पण एक शब्द बोलता येत नाही!

मग मी एक दगड शोधला. तळहाताएवढा, चपटा, एका कडेला हिरवा डाग असलेला. तो त्या तीन खड्यांच्या शेजारी आत ठेवला आणि म्हटलं, "हे तुम्ही. बसा आता आत. पुरे झालं फिरणं." हे बोलताना मात्र मी रडले. कोंडाजी तोंड फिरवून बैलांकडे गेले.

तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीआधी बघायला गेले. घर जागेवर होतं. तिन्ही खडे आत होते. माझा दगड आत नव्हता. तो दारासमोर लावला होता, पायरी म्हणून. हिरवा डाग असलेली कड पुढे. मी अंगठ्याने दाबून पाहिलं, जराही हलला नाही. खाली कपरी होती.

म्हणजे एवढं रडून सांगितलं तरी आत यायचं नाहीच! त्या रागातच मी खाली उतरले. गाडीत शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का म्हणून.

घोडेगावला आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. लाथ घातली तेही. ती मान खाली घालून शेंगा फोडत राहिली. पायरीचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"पायरी लावली?"

"हो."

"पक्की व्हती? का नुस्ती ठेवल्याली?"

"पक्की. खाली कपरी होती."

आईने हातातली शेंग खाली ठेवली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "पायरी सगळ्यात शेवटाला लावत्यात, नंदे. ती लावली की हत्यारं धुवायची. काम संपलं त्यांचं. दादाला फोन लाव."

मला आठवलं. अण्णा ज्या दिवशी थापी-ओळंबा धुऊन आणायचे, तो त्या कामाचा शेवटचा दिवस असायचा. मी गवंड्याची मुलगी, हे मला कळायला हवं होतं. पण मी तेव्हाही आईशी वाद घातला. याचा अर्थ काहीही होऊ शकतो, पुरावा कुठे आहे, चार दगडांवरून माणूस मेला कसा म्हणायचा? आई म्हणाली, "तुला मोजाया आलं. मला एवढं कळतंय."

पुतळ्याला अग्नी दिला, दहावं झालं. नदीवर भावकीतल्या दोन बायका आईजवळ सरकल्या. एकीने तिचा हात धरला बांगड्या काढायला. आईने हात सोडवून घेतला.

"माझ्या कुंकवाला हात लावायचा न्हाई. घर बांधून गेलेत ते, मोडून न्हाई."

त्या दोघी मागे सरकल्या. आई अजून रोज कुंकू लावते.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. कुणा पर्यटकाचं काम असेल, कोंडाजींनीच केलं असेल, दुःखात माणसाला काहीही दिसतं. पर्यटकाला आमचे तीन खडे कुठून माहीत? कोंडाजींना कपरी आतून मारायची हे कुणी सांगितलं? फोटो टाका म्हणाल. फोटो आहेत माझ्याकडे. त्यात दगड दिसतात. दुसरं काय दिसणार? आणि "वडिलांचा आशीर्वाद आहे" असं लिहिणाऱ्यांनी तर माझ्या वाटेला जाऊच नये. मला आशीर्वाद नको होता, उत्तर हवं होतं. अण्णा कुठे गेले, कसे गेले, शेवटी त्यांच्याजवळ कुणी होतं का, यातलं काहीही मला आजही माहीत नाही. त्या कातळावर काय झालं याचं स्पष्टीकरणही माझ्याकडे नाही.

मला फक्त अण्णांना एक विचारायचंय. जी तिथे नव्हती तिला कळेल असं सांगितलंत. मी तीन दिवस समोर बसले होते ना?