‘समजलं का’ विचारणं सोडलेले आमचे सर

शिरूरच्या शेलार सरांची एकसष्टी आहे, पुस्तक निघणार आहे, तुम्हीही चार ओळी लिहा, असं मंडळींनी सांगितलं. माझी शाळा चौथीत सुटली, पण सरांबद्दल लिहायचं म्हणून बसले आहे.

सर पहिल्यांदा आमच्या खुटबावच्या घरी आले तेव्हा मला वाटलं, विम्याचे साहेब आले. पाणी दिलं आणि विमा नको म्हणून सांगून टाकलं. सर म्हणाले, "नको तर नको. चहा चालेल." मग कळलं, हे रुपालीचे मोबाईलवरचे सर. रुपाली माझी नातसून. कुरकुंभला कंपनीत पॅकिंगला जाते. दहावीला विज्ञानात अडकलेली. दहावी झाली तर मशीनवर पर्मनंट घेतो, असं तिथल्या साहेबांनी सांगितलेलं. तिच्यासारख्या शिफ्टला जाणाऱ्या बायकांसाठी सरांनी मोबाईलवर धडे केले होते.

पण सरांना कोडं पडलं होतं. धडा संपला की ते विचारायचे, "समजलं का?" सगळ्या बायका "समजलं सर" लिहून जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायच्या. चाचणीत मात्र निम्म्या नापास, आणि रुपाली त्यांच्यात पुढं. म्हणून सर एकेकीच्या घरी जाऊन बघत होते.

"खरं सांग, समजलं होतं का?" सरांनी विचारलं. रुपाली चहाचे कप उचलायला लागली.

मी म्हटलं, "सर, तुम्ही घसा कोरडा करून सांगताय, तुम्हाला न्हाई कसं म्हणायचं? पाव्हणा कवा म्हणतो का, भाजी अळणी हाय?"

सर हसले. "म्हणजे आजी, मी इतके दिवस अळणीच वाढत होतो."

"मी कुठं खाल्लीय?" म्हटलं.

दुसरे कोणी असते तर रागावले असते. सरांनी धडेच मोडून परत बांधले. छोटे केले, कंपनीची बस यायच्या आत एक संपेल असे. "समजलं का" विचारणं बंद. धडा बघायचा, घरातल्या कुणाला तरी समजावून सांगायचा आणि ते रेकॉर्डिंग सरांना पाठवायचं. आमच्या घरी ऐकायला मी.

रुपाली सांगायची, "आजी, ॲसिड पाण्यात वतायचं, पाणी ॲसिडात न्हाई."

"का गं?" मी विचारायची. ती गप्प. ते गप्प राहणंही सर ऐकायचे आणि तो धडा नव्याने करायचे. एकदा त्यात माझा खोकला त्यांनी ऐकला. लगेच रुपालीला फोन, "धडा राहू दे, आधी आजींना दवाखान्यात ने." दमा निघाला. आता औषध ओढते, बरी आहे.

मार्चमध्ये रुपालीने पेपर दिला. संध्याकाळी सरांचा फोन, कसा गेला म्हणून. मला वाटलं, ही म्हणणार चांगला गेला. तर म्हणते, "बाकीचं आलं सर, पण भिंगाचं न्हाई आलं. तुमचा त्यो धडा मला समजलाच न्हाई."

मी तिला हाताने खुणावलं, असं बोलू नको म्हणून. फोनमधून सरांचं हसू ऐकू आलं. "हे ऐकायला मी दोन तालुके फिरलो, रुपाली," म्हणाले. भिंगाचा धडा त्यांनी पुन्हा केला आणि आधी तिला दाखवला.

निकाल अजून लागायचाय. रुपाली म्हणते, पास होणार. आता ती उगाच हो म्हणत नाही, म्हणून माझाही विश्वास बसतो.

सर, तुमचे डोळे, गुडघे आणि आवाज असेच धड राहोत. रुपालीची लेक आत्ता कुठं रांगायला लागली आहे. तिची दहावीही तुम्हीच करून घ्यायची आहे.