पालाला दार नसतं

सरांनी माझा मोबाइल दोन बोटांत धरून वर उचलला. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तसा.

त्याआधी त्यांनी विचारलं होतं, "हू हॅज नो स्क्रीन लॉक?" प्रश्न पहिल्या झटक्यात कळला म्हणून मी खुशीत हात वर केला. सगळ्या वर्गात हात माझ्या एकटीचाच.

गेवराईत हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाच्या माडीवर तो क्लास. रोजच्या वापरातलं इंग्रजी. दर आठवड्याला एक विषय आणि त्यातले शब्द. मागच्या आठवड्यात बाजार झाला होता. या आठवड्यात डिजिटल प्रायव्हसी. सरांचे वडील पुढारी, रान गोदाकाठचं, इमारत घरची. मला फीमध्ये सवलत दिली होती आणि ती चारचौघांत बोलूनही दाखवायचे. "मेंढपाळाची पोर शिकली पाहिजे," म्हणायचे.

मोबाइल त्यांनी वायरीनं भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. आमच्या घरातला तो एकच टचचा मोबाइल. काच तडकलेली, मागं लोकरीचा मळ. क्लासला लागतो म्हणून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तो मला दिला आणि स्वतः बटनांचा घेतला. लॉक कधी लावलंच नव्हतं. मी घरी गेले की तो माझ्या, मायच्या, अण्णांच्या, धाकट्याच्या, सगळ्यांच्या हातात फिरायचा.

"धिस इज अ हाऊस विदाऊट लॉक," सर म्हणाले. "एनीबडी कॅन एंटर. रिपीट."

"एनीबडी कॅन एंटर," वर्ग म्हणाला. मीही म्हणाले.

"गॅलरी. रिपीट."

"गॅलरी."

टीव्हीवर मेंढरं आली. नुकतं जन्मलेलं कोकरू. सुजलेला खूर. मागच्या बाकावरून एक आवाज आला, "अबे, लॉक लावलं तरी पासवर्ड बँऽऽ बँऽऽच आसंल तिचा!" वर्ग फुटला. सरही हसले. बोट सरकवत राहिले.

मग माझ्या मायची पाठ आली.

उघडी पाठ. चोळी खाली ओढलेली. डाव्या खांद्याखाली लालभडक गळू. तो फोटो मी काढला होता, चकलांब्याच्या शिवारात, लुगड्याचा आडोसा करून. डॉक्टरांनी पाठवायला सांगितला होता. काढताना मायनं विचारलं होतं, "डाक्टरलाच जाईल नव्हं?" मी म्हणाले होते, हो.

सरांनी तो लगेच काढला नाही. वर्गाकडे वळले. "सी? धिस इज व्हाय वी नीड प्रायव्हसी. प्रायव्हसी. रिपीट."

आणि माझ्या मायच्या उघड्या पाठीकडं बघत सगळ्या वर्गानं तो शब्द म्हटला. प्रायव्हसी. स्पष्ट. एका सुरात.

मी तो शब्द म्हटला नाही. पण उठलेही नाही.

क्लासचा प्रत्येक धडा शूट व्हायचा आणि संध्याकाळी ग्रुपवर पडायचा. हाही पडला. मी सरांकडं गेले. तो काढून टाका, असं मी म्हणाले.

"चेहरा दिसतोय का तिचा? न्हाई ना?" सर म्हणाले. "मग? उलट बाकीच्यांना धडा मिळाला. तूच लॉक लावत जा की."

म्हणजे चूक माझी. लॉक नव्हतं, ही चूक. आत शिरणाऱ्याचं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी बाकावरच्या मैत्रिणीनं तिच्या-माझ्यामध्ये दप्तर ठेवलं.   क्लाससाठी मी गेवराईत मावशीकडं राहायचे. ती विचारायची, जेवलीस का. मी म्हणायचे, हो. मोबाइलमध्ये सरांनी दिलेले शब्द होते. कन्सेंट. अलाऊ. डिनाय. मी ते मनातल्या मनात घोकायचे आणि प्रत्येक शब्दाच्या मागं ती पाठ दिसायची. ग्रुपवरचा तो व्हिडिओ कुणी पुन्हा बघत असेल का, कुणाला दाखवत असेल का, एवढंच डोक्यात. हे कुणाला सांगायचं? मावशीला सांगितलं तर ती मायचं नाव घेऊन रडणार. पोलिसांत जावं तर सरांच्या वडिलांचा फोटो चौकातल्या बॅनरवर.

मी पत्रकांवर वाढलेली पोर. अण्णा मोर्चाला जायचे आणि येताना खिशात पत्रकं घेऊन यायचे, भाकरी बांधायला. त्या तेलकट कागदांवर मी अक्षरं लावायला शिकले. हक्क, अन्याय, ऊठ. हे शब्द मला भाकरीच्या वासासकट पाठ आहेत. आणि तरी त्या दिवशी मी बसून राहिले होते.

रविवारी मी वाड्यावर गेले. वाडा म्हणजे आमचा तळ. मेंढरं, घोडं, कुत्री आणि आम्हाला राहायला एक कापडी पाल. तेव्हा तो एका शेतकऱ्याच्या रानात बसला होता. खतासाठी शेतकरी रानात मेंढरं बसवून घेत होता.

दुपारी तो शेतकरी आला. रान त्याचं. पण तो बांधावरच थांबला. कुत्री भुंकायच्या आधीच त्यानं हाक दिली, "अवो, हाय का कुणी? येऊ का?" मायनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "या." तेव्हा तो आला.

हे मी जन्मापासून बघत आले. पालाला दार नसतं. कडी नसते, कुलूप नसतं. तरी हाक दिल्याबिगर कुणी आत येत नाही. त्या दिवशी मात्र मी पहिल्यांदाच बघतेय असं बघितलं.

"किती हायती मेंढरं?" त्यानं उगंच विचारलं.

"हायती की चार-दोन," अण्णा म्हणाले. समोर अख्खं रान भरलेलं. तो हसला. आकडा पुन्हा विचारला नाही. मेंढपाळ आकडा सांगत नाही, आज कुठं आणि उद्या कुठं हेही सांगत नाही. दृष्ट लागते म्हणतात, आणि चोर तर लागतोच.

तो गेल्यावर मी मायला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली. ती म्हणाली, "म्हंजे हाक न देताच शिरला म्हण की."

मग तिनं करपलेली भाकरी कुत्र्यापुढं टाकली. "ह्याला संगं न्यायला पायजे व्हतं तू." आणि एकदम माझ्याकडं बघून, "तू काय मनली त्याला?"

"काय न्हाई. गप बसले."

"कावून?"



सोमवारी सरांनी मला कॅमेऱ्यापुढं उभं केलं. नवे प्रवेश सुरू होते. 'मेंढपाळाची मुलगी बोलते फाडफाड इंग्रजी' अशी जाहिरात करायची होती. कानाशी वाकून म्हणाले, "हा एक झक्कास दे. मग ते तुझ्या आईचं काढून टाकतो."

दिवा लागला. वर्ग बघत होता.

"व्हॉट इज युवर फादर?"

"ही इज अ शेफर्ड."

"व्हेरी गुड! हाऊ मेनी शीप? अँड व्हेअर इज ही टुनाइट?"

वाक्यं तयार होती. तोंडात होती. दोन वाक्यं बोलले असते की मायची पाठ सुटली असती. पण ती सोडवायला अण्णांचा वाडा उघडा करायचा? एकाला झाकायला दुसऱ्याला उघडं करायचं, आणि वर सरांचे उपकार मानायचे?

"आय विल नॉट टेल," मी म्हणाले.

"काय?"

"दॅट इज प्रायव्हेट."

मागून कुणीतरी ओरडलं, "मेंढरं प्रायव्हेट!" पुन्हा तेच हसू. यावेळी मी थांबले नाही.

"यू एंटर्ड विदाऊट आस्किंग. डिलीट माय मदर्स फोटो. नाऊ."

सरांनी कॅमेरा बंद केला. इंग्रजी सुटलं. "सवलतीत शिकतीस आन् आवाज कुणावर चढवतीस गं? चल, हो बाहेर!"

"आधी काढा. मग होते."

मी दारात उभी राहिले.  आवाज ऐकून खालचा टायरवाला जिन्यात आला आणि "काय झालं ओ?" म्हणाला. बाहेरचा माणूस बघून सरांनी फोन काढला आणि ग्रुपवरचा तो धडा पुसला. माझं ऐकून नव्हे. माणूस बघत होता म्हणून.

मी जिना उतरले. माझ्यामागं कुणी उतरलं नाही. त्या मैत्रिणीनं मानही वर केली नाही.

माझा क्लास कायमचा सुटला. पुसायच्या आधी तो व्हिडिओ कुणाकुणाच्या फोनमध्ये गेला, मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. हे घेऊनच जगायचं आहे.

इंग्रजी मी सोडलेलं नाही. मोबाइलची भाषाच इंग्रजी करून टाकली आहे आणि एकटीच एकेक शब्द लावते आहे. हे लिहून झालं की याचं पत्रक छापणार आहे, वर इंग्रजीत, खाली मराठीत. त्याच जिन्याखाली उभी राहून, चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देणार आहे. सोबत कुणी आलं तर ठीक. नाही आलं तरी.

मोबाइलला मी अजून लॉक लावलेलं नाही. तो आमच्या घरात चार हातांत फिरतो, फिरणार. कुलूप लावायला आम्ही कशाला शिकायचं?

हाक द्यायला तुम्ही शिका.