हे खेळणे नाही

पालघरच्या कोर्टात मी काही वर्षं वकिली केली. बांधाची भांडणं, वाटण्या आणि तारखांवर तारखा. मग बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका शेठने कारखान्याचं कायद्याचं काम बघायला मला पगारावर बोलावलं. कारखाना टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचा. मी गेलो आणि रमलो. पुढे कंपन्या बदलल्या, खुर्च्या बदलल्या, पण निवृत्त होईपर्यंत धंदा तोच राहिला. लोक विचारतात, वकील माणूस तिथे करतो काय? अहो, करार करतो, नोटिसांना उत्तरं देतो, मालक आणि कामगारांच्या मध्ये उभा राहून दोघांच्या शिव्या खातो. खेळ मला आजही येत नाही. पहिल्याच खड्ड्यात पडतो.

कोर्टाच्या बार रूममधले वकील मित्र भेटले की चिडवायचे, "काय वकीलसाहेब, आज किती विमानं पाडली?" मी हसून सोडून द्यायचो. बाबांना मात्र ते सोडता आलं नाही. ते मासवणच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मुलगा काळा कोट घालून कोर्टात उभा राहतो याचं त्यांना फार कौतुक होतं. मी कोट उतरवला तेव्हा ते मला एक अक्षर बोलले नाहीत. कोणी विचारलं तर "कंपनीत आहे" एवढंच सांगत आणि बोलण्याची गाडी भातशेतीकडे वळवत.

मी त्या पहिल्याच कारखान्यात असताना शेठने की-बोर्डवालं मॉडेल काढलं. सोबत एक कॅसेट गणिताची, एक विमानांच्या लढाईची. हिशेब साधा होता. खेळ म्हटलं की आईबाप नाक मुरडतात आणि अभ्यास म्हटलं की खिसा सैल करतात. एक सेट मी बाबांना नेऊन दिला. संध्याकाळी ते पडवीत गावातल्या मुलांना शिकवत. पावसाळा संपेपर्यंत जी मुलं सातच्या पाढ्याला अडखळत होती ती एकोणीसचा पाढा धडाधड म्हणायला लागली. बाबांनी आपल्या वळणदार अक्षरात दोन ओळी लिहून माझ्या हाती दिल्या. 'हे खेळणे नाही. हा घरातला शिक्षक आहे.' शेठ एवढे खूश झाले की बाबांच्या टोपीतल्या फोटोसकट त्या ओळी खोक्यावर छापून टाकल्या. खप वाढला. बाबाही खुलले. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी खोका पुढे यायचा.

तो खोकाच अंगाशी आला. एक्साइजची, म्हणजे कारखान्याच्या मालावर कर घेणाऱ्या केंद्राच्या खात्याची, नोटीस आली. खेळण्याला कराचा एक दर आणि संगणकासारख्या यंत्राला दुसरा, कितीतरी जास्त. आम्ही खेळण्याचा दर भरत होतो. खात्याचं म्हणणं, तुमच्याच खोक्यावर 'हे खेळणे नाही' असं लिहिलंय, तेव्हा मागचा सगळा फरक भरा. तो भरला असता तर कारखान्याने पुढची दिवाळी पाहिली नसती. मी विक्रीवाल्यांवर भडकलो. "छापायच्या आधी वकिलाला दाखवायला काय झालं होतं?" त्यांच्यातला एक शांतपणे म्हणाला, "साहेब, फोटो तुमच्याच वडिलांचा होता."

आमच्याकडे प्रत्येक सेट पॅक होण्याआधी खेळून बघितला जायचा. ते काम सालवड आणि घिवलीकडच्या बायका करत. ओळीने बाकावर बसून दिवसभर विमानं पाडायच्या. त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या बाईने मला दारातच अडवलं. "साहेब, आमी दुसरीकडं काम बघायचं का? खरं सांगा. उद्या अचानक घरी बसायची पाळी नाय यायला पायजे."

"अजून थांबा," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, ते मलाच ठाऊक नव्हतं.

एक्साइजच्या अधिकाऱ्याने कारखाना बघायला येण्याचं ठरवलं आणि खोक्यावरच्या ओळी लिहिणाऱ्याचा जबाबही तिथेच घेणार असं कळवलं. मी मासवणला गेलो. "यंत्र म्हणालात तर कारखाना जाईल, बाबा. खेळणं म्हणालात तर..."

"तर माझं लिहिणं खोटं ठरेल," ते म्हणाले.

"तुम्हाला खरं वाटेल ते सांगा." हे मी वकील म्हणून बोललो. मुलगा म्हणून मनातल्या मनात हात जोडत होतो.

त्या दिवशी बाबा लवकर पोचले. अधिकारी अजून यायचा होता, म्हणून त्यांना टेस्टिंगच्या बाकाजवळ बसवलं. मला दारात अडवणाऱ्या त्याच जुन्या बाईने त्यांच्या हातात रिमोट दिला. त्यांचं विमान लगेच पडलं. पुन्हा पडलं. बायका हसल्या आणि बाबाही हसले, अगदी खांदे हलवत. त्यांना असं हसताना मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि मला बरं वाटलं.

अधिकारी तरुण आणि अदबशीर होता. "गुरुजी, मुलं पाढे या यंत्रावर शिकली?"

"नाही. पाढे मी शिकवले. पाढा म्हटल्याशिवाय विमानाला हात लावू देत नव्हतो. गणिताच्या कॅसेटकडे कोणी ढुंकून बघत नसे."

"मग हे आहे काय?"

"खेळणं. चांगलं खेळणं आहे."

माझा जीव भांड्यात पडला. आम्हाला एवढंच हवं होतं. अधिकारी पेनाला टोपण लावायला गेला, तर बाबा म्हणाले, "थांबा. मग तसं का लिहिलं, हे तुम्ही विचारलं नाहीत. माझा मुलगा वकिली सोडून खेळण्यांच्या कारखान्यात गेला, त्याची मला लाज वाटत होती. म्हणून मी ते खेळणं नाही असं लिहिलं. कारखान्याचा यात काही दोष नाही."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "हे लिहायची गरज नाही, गुरुजी."

"लिहा. अर्धं उत्तर मी मुलांकडूनही कधी घेतलं नाही."

पुढे निकाल आमच्या बाजूने लागला आणि बाकावरची एकही बाई घरी गेली नाही. पण त्या दुपारी हे कोणालाच माहीत नव्हतं. जबाब इंग्रजीत लिहिला होता. सहीआधी तो मराठीत समजावून सांगायला हवा होता आणि अधिकाऱ्याने कागद माझ्याकडे सरकवला. मी एकेक वाक्य सांगत गेलो. 'माझ्या मुलाची मला लाज वाटत होती' हे वाक्य मी पुटपुटत उरकलं.

"मोठ्याने वाच," बाबा म्हणाले.

मी मोठ्याने वाचलं. त्यांनी पेन घेतलं आणि सही करण्याआधी त्या इंग्रजी कागदावर मराठीत आपल्या हाताने लिहिलं, 'आता वाटत नाही.'