पहिला हात कुठे जातो

महिपतला गाडी चालवता येत नाही. सायकल येते, पण उतार लागला की तीही हातात धरून चालणारा हा माणूस. तरीसुद्धा मुरबाडहून म्हशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या किशोरशेठच्या बंगल्यात उभी असलेली, एकोणीसशे सदुसष्ट सालची, दोनच सीटांची, बिनछपराची विलायती गाडी कोणाला विकायची हे ठरवायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं. शेठ मुलुंडला राहायचा. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. त्या बुटक्या गाडीत बसला तर उठवायला दोन माणसं लागायची. त्याने मोबाइलवर जाहिरात टाकली आणि फोन करून सांगितलं की महिपत, लोक बघायला येतील, पैशाचं मी बोलेन, माणूस कसा आहे ते तू बघ, तुला माणसं कळतात.

ते खोटं नव्हतं. म्हशाच्या जत्रेत पंचवीस वर्षं महिपतने बैलांची दलाली केली होती. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघू नये, जनावराजवळ गेल्यावर त्याचा पहिला हात कुठे जातो ते बघावं, हे त्याचं शास्त्र. हात दातांकडे गेला तर व्यापारी, पुढच्या बाजारात विकणार. खांद्याकडे गेला तर शेतकरी. खुरांकडे गेला तर शर्यतीवाला. आणि शिंगांकडे गेला तर तो नुसता जत्रेला आलेला. कौतुक करील आणि भजी खायला जाईल. पुढे घरोघरी ट्रॅक्टर आले, बैलांचा बाजार ओसरला आणि महिपत शेठच्या बंगल्यावर राखणीला लागला. त्याला बारा वर्षं झाली.

गाडी तेव्हा पडवीत नुसती पडून होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. पुढे महिपतचा मुलगा ऋतिक शहापूरला आयटीआय करू लागला. त्याने शेठची परवानगी काढली आणि चार वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून ती चालती केली. स्टिअरिंगच्या मागची फळी, जिच्यात सगळी घड्याळं बसवलेली असतात, ती वाळवीने खाल्ली होती. ऋतिकने सागाची नवी फळी केली. घरातून पॉलिशचा वास आठवडाभर गेला नाही. त्यानंतर दोन वर्षांनी, भाद्रपदात, आटगावच्या फाट्यावर त्याच्या मोटारसायकलीला ट्रकने उडवलं. तेवीस वर्षांचा, एकुलता एक.

त्याला आता आठ महिने झाले होते. महिपत जेवायचा, झाडांना पाणी घालायचा, बायकोने, शकूने, काही विचारलं तर उत्तर द्यायचा. गावात म्हणायचे, मोठा धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय आपला वाटेनासा होतो, तसा तो सगळाच स्वतःचा वाटेनासा झाला होता. शकूला भरून यायचं तेव्हा तो शेजारी नुसता बसून राहायचा आणि आपल्याला काहीच कसं होत नाही याची त्याला लाज वाटायची. एकच गोष्ट त्याला हवी होती आणि ती त्याने कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. गाडी कोणीही नेवो, ती फळी तिच्यात राहू दे. पोराच्या हातचं तेवढंच कुठेतरी फिरत राहिलं असतं.

लोक येऊ लागले. पहिला आला तो बांद्र्याचा पोरगा. त्याचा हात आधी स्वतःच्या केसांकडे गेला. बॉनेटवर रेलून, दारात पाय ठेवून त्याने फोटो काढून घेतले, मशीन चालू होतं का हेही न विचारता निघून गेला. शिंगवाला, महिपत मनात म्हणाला. मग डोंबिवलीचे एक निवृत्त काका आले. ते सरळ आत बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. कॉलेजात असताना कोणा श्रीमंत मित्राच्या अशाच गाडीतून ते एकदा लोणावळ्याला गेले होते. काकू बाहेर रिक्षात बसून हाका मारत होत्या. काकांना गाडी नकोच होती, ती दुपार हवी होती, आणि ती काही महिपतजवळ विकायला नव्हती. एक दलाल येऊन गेला. गाडीला हात लावायच्या आधीच त्याने तिच्या चार खोडी सांगितल्या. दातवाल्यांची ही जात महिपतच्या चांगली ओळखीची होती.

शेवटी दोघे उरले. दोघांनी भावही जवळपास सारखाच केला होता.

एक कल्याणचा भावेश, लग्नाच्या वराती सजवणारा. त्याचा हात दाराकडे गेला. दार किती उघडतं, शालू नेसलेली नवरी नीट आत शिरेल का, हे त्याने टेपने मोजलं. गोड बोलायचा. फळीबद्दल महिपतने हळूच विचारलं तर म्हणाला, काका, मस्त आहे, कशाला हलवू. महिपतला हेच ऐकायचं होतं.

दुसरा स्वरूप. शहापूरला त्याची शेड होती, जुन्या गाड्या पहिल्यासारख्या करायचं त्याला वेड. तो आला, गाडीखाली गोणपाट टाकून उताणा झोपला आणि त्याचा हात आधी खालच्या लोखंडाकडे गेला, गंज कुठवर चढलाय ते बघायला. पाऊण तास तो खालीच होता. मग मशीन चालू करून त्याने कान दिला, बंद करून ते निवेपर्यंत थांबला आणि मगच रेडिएटरचं झाकण उघडलं. फळीचं विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं, "ती काढणार. कंपनीची नाहीये."

संध्याकाळी शेठचा फोन आला, की बोल, कोणाला देऊ. महिपतने भावेशचं नाव घ्यायचं ठरवलं होतं. तोंडातून मात्र निघालं, "स्वरूपला द्या, शेठ. तो जनावर सांभाळील." पंचवीस वर्षांची सवय. चुकीच्या दावणीला त्याने कधी बैल बांधून दिला नव्हता, आताही देता आला नाही. फोन ठेवल्यावर आपण काय घालवलं हे त्याला कळलं, पण वाईट वाटायलासुद्धा आत काही जागं नव्हतं.

पुढच्या रविवारी स्वरूप टेम्पो घेऊन आला. वाटेत हादरून फुटेल असं काहीबाही तो आधीच सोडवून घेत होता. फळीवरची घड्याळं त्याने उतरवली आणि स्क्रूड्रायव्हर फळीला लावला. महिपत पाठ फिरवून आंब्याच्या आळ्यात पाणी सोडत होता. बराच वेळ मागून आवाज आला नाही, म्हणून त्याने वळून पाहिलं. स्वरूप फळीशी वाकून नुसता बघत होता.

"काका, इकडे या जरा," तो म्हणाला.

त्याने बोटाने दाखवलं. अकरा पितळी स्क्रू होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावरची खाच अगदी आडवी, एका ओळीत. स्क्रू नुसता पिळला तर खाच कुठेही थांबते. अशी ओळ जुळायला प्रत्येक भोक, प्रत्येक आटा मनासारखा होईपर्यंत पुन्हा पुन्हा करावा लागतो, आणि हे कोणाच्या नजरेत येणार नाही हे करणाऱ्याला माहीत असतं. महिपत गाडी रोज पुसायचा. त्यालाही ते कधी दिसलं नव्हतं.

"कोणी केलं हे?"

"आमच्या पोरानं."

स्वरूपने अकराही स्क्रू एकेक करून काढले, फळी जुन्या चादरीत गुंडाळली आणि महिपतच्या हातात दिली. "ही त्याची त्याला द्या. आणि माझ्याकडे पाठवा त्याला. दोन वर्षं मी असा माणूस शोधतोय. म्हणेल तो पगार देईन."

खरं सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम. पण समोरचा माणूस ऋतिकबद्दल बोलत होता तो उद्या सकाळी शेडवर यायचा असल्यासारखा, आणि ते महिपतला मोडवेना.

"इचारतो त्याला," तो म्हणाला. "पर यील तो. त्याला आवड हाय."

स्वरूपने नंबर लिहून दिला. टेम्पो गाडी घेऊन वळणापलीकडे गेला. महिपतने फळी काखेत मारली आणि झपाझप घराकडे निघाला. किती महिन्यांत त्याची चाल अशी झाली नव्हती. पोराला कसं सांगायचं, आधी पगाराचं बोलायचं की आधी त्या खाचांचं, याची जुळवाजुळव मनात चालली होती. अर्ध्या वाटेवर त्याचे पाय थांबले. तिथेच रस्त्याच्या कडेला तो फळी मांडीवर घेऊन खाली बसला, आणि त्याला इतकं दुखलं की येणाजाणाऱ्यांनी हाक मारली तरी त्याला ओ देता येईना.