साळवेबाईंचा जुना बाजार

साळवेबाईंच्या हातात कुठलंही कापड आलं की त्या आधी ते उलटं करायच्या. साडी असो, सदरा असो, नाहीतर उशीचा अभ्रा. आतली बाजू बाहेर काढायची, उन्हाकडे धरायची आणि शिवणीवरून सावकाश अंगठा फिरवत न्यायचा. विकणारी बाई कंटाळून म्हणायची, "अवो बाई, लय चांगला माल हाय. किती बघता?" साळवेबाई मान वर न करता म्हणायच्या, "सुलट बाजू सगळ्यांचीच चांगली असते. मला उलट बघू दे."

त्या नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि सातपूरला आमच्या शेजारच्या खोल्यांत राहायच्या. मी लग्न होऊन निफाडकडच्या खेड्यातून तिथे आले तो चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचा सुमार. आमचे हे एका कारखान्यात टर्नर म्हणून नुकतेच लागले होते. दोन खोल्या, एक सतरंजी, एक स्टोव्ह आणि माहेरून आलेली चार भांडी, एवढाच आमचा संसार. तिसऱ्या दिवशी साळवेबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. उंच, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी. घरात एक नजर टाकून म्हणाल्या, "बुधवारी माझी सकाळची शाळा असते. दुपारी नदीवरच्या बाजारात जाते, जुन्या वस्तूंच्या. येतेस?"

मी नवी होते आणि शहाणी नव्हते. पटकन बोलून गेले, "आमच्यात जुनं वापरत नाहीत."

त्या रागावल्या नाहीत. "आमच्यात पिढ्यान्पिढ्या तेच वापरलं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मला त्यातलं कळतं." आणि निघून गेल्या.

त्यांच्या बोलण्याचा अर्थ लागायला मला दोन दिवस लागले. साळवेबाईंची आई कुठल्याशा गावात दुसऱ्यांच्या दारी राबायची. सणासुदीला तिला त्या घरांतून उतरलेली लुगडी मिळायची, तीही ओट्यावरून खाली टाकलेली. ही हकिकत त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितली, पण त्याआधीच मला आतून काहीतरी टोचलं होतं. बुधवारी मी स्वतःच पिशवी घेऊन त्यांच्या दारात गेले. त्या फक्त म्हणाल्या, "पायात जाड चपला घाल. तिथे काचा असतात."

गोदावरीच्या काठी भाजीबाजार संपतो तिथून हा दुसरा बाजार सुरू व्हायचा. घरोघर फिरून स्टीलची भांडी देऊन जुने कपडे घेणाऱ्या बाया ते कपडे धुऊन, शिवून, ढिगाने मांडून बसायच्या. पलीकडे घड्याळं, कुलपं, पत्र्याच्या पेट्या, पुस्तकं, बिनकानाच्या कपबशा. मी पदर नाकाला लावून उभी होते. साळवेबाई मात्र गुडघे मोडून खाली बसल्या आणि एका ढिगात कोपरापर्यंत हात घालून चाचपू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी राखाडी लोकरीचा एक जाडजूड स्वेटर वर काढला. कोपरं विरलेली, बाकी लोकर धडधाकट. त्यांचा चेहरा उजळला. आठवड्याभरात त्यांनी तो उसवून, लोकर धुऊन, आमच्या ह्यांच्यासाठी बिनबाह्यांचा नवा स्वेटर विणून दिला. त्याचे पैसे मात्र माझ्याकडून घेतले.

"नव्या दुकानात मागितलेलं मिळतं," त्या पहिल्या बुधवारी परतताना बसमध्ये त्या म्हणाल्या. "इथे न मागितलेलं मिळतं. मला ते जास्त आवडतं."

त्यांच्या घरात असं न मागता आलेलं बरंच होतं. शाळेत वर्गावर न्यायला एक मोठा नकाशासंग्रह होता. भिंतीवरचं एक घड्याळ होतं, ते उभं लावलं की बंद पडायचं. बाईंनी ते टेबलावर आडवं ठेवलं होतं. "उभं राहून दमलं असेल," त्या म्हणायच्या. "पडल्या पडल्या वेळ बरोबर सांगतं, मग तक्रार कशाला?"

पण दर वेळी असं साधायचं नाही. एकदा त्यांच्या सल्ल्याने आम्ही सागवानी खाट घेतली. तिसऱ्या पाळीहून आलेले आमचे हे दिवसा तिच्यावर झोपले आणि अंगभर गांधी घेऊन उठले. खाटेच्या सांध्यासांध्यांत ढेकूण होते. हे इतके चिडले की त्यांनी खाट गॅलरीत काढली आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात जुन्या बाजाराचा उद्धार केला. मला वाटलं, बाई आता विकणाऱ्याला बोल लावतील. त्या आल्या, वाकून सांधे पाहिले आणि ह्यांना म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी लाकूड पाहिलं, सांधे पाहिले नाहीत." नंतर सलग तीन रविवार त्या आमच्या गॅलरीत उकळतं पाणी आणि रॉकेल घेऊन बसल्या. चौथ्या रविवारी हे त्याच खाटेवर बसून त्यांना म्हणाले, "बाई, चहा घेऊन जा." ती खाट आमच्या घरात अजून आहे.

साळवेबाईंना एकच मुलगी, रेखा. रेखा चार वर्षांची असताना तिचे वडील वारले होते. बाई तिला जीव लावून वाढवत होत्या आणि तिचे सगळे कपडे बुधवारच्या बाजारातूनच आणत होत्या. आणलेला प्रत्येक कपडा त्या अंगावर बेतून, बटणं बदलून असा काही करायच्या की तो जुना आहे हे सांगावं लागे.

रेखा आठवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी बाईंनी जांभळी मॅक्सी आणली. त्या वेळी मॅक्सीची फार हौस होती मुलींना. गळ्याशी मोत्याची बटणं, कमरेला पट्टा. रेखा आरशासमोरून हलेना. संध्याकाळी मात्र ती कार्यक्रम अर्धा टाकून घरी आली. मी तेव्हा बाईंच्या स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसले होते. रेखाने दार लोटलं आणि पट्टा ओढून काढला.

"वर्गातल्या एका मुलीची आहे ही," ती म्हणाली. "तिने सगळ्यांसमोर ओळखली. सायकलवरून पडली तेव्हा फाटली होती म्हणे, इथे, गुडघ्यापाशी. तिच्या आईने शिवली आणि भांडेवालीला दिली."

"चिडवलं तिने?" बाईंनी विचारलं.

"नाही. तिला गंमत वाटली. बाकीच्यांनी चिडवलं."

बाई उठल्या. त्यांनी ती शिवण पाहिली. ती त्यांनी आधीही पाहिलेली असणारच. "अगं, आपण कुणाचं दिलेलं घेत नाही," त्या समजावू लागल्या. "माझ्या आईला टाकलेलं उचलावं लागलं. आपण बाजारात जातो, शंभरातून एक निवडतो, नको ते नाकारतो, पैसे मोजून आणतो. त्यात लाज कसली?"

रेखा रडत नव्हती. ती अगदी हळू बोलली, त्यामुळे मला ते जास्त लागलं. "निवडतेस तू, आई. नाकारतेसही तूच. मला तर नेहमी दिलेलंच मिळतं."

बाईंनी तिच्या हातातला पट्टा घेतला आणि त्याची गुंडाळी करू लागल्या. मी शेंगांची परात तशीच ठेवून घरी आले.

त्यानंतर कितीतरी बुधवार त्या बाजारात गेल्या नाहीत. शाळेतून येऊन खिडकीशी वह्या तपासत बसायच्या. मी एकदा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "सुनंदा, पोरगी बरोबर बोलली. आईला जे सोसावं लागलं त्यातून मी सुटले, असं मला वाटत होतं. मी सुटले गं. पण तिला विचारायचं राहिलं." ती मॅक्सी त्यांनी फाडून फडकं केली नाही. धुऊन, इस्त्री करून, एका भांडेवालीला परत दिली. "कपड्याचा काय दोष?" म्हणाल्या.

त्या दिवाळीला रेखाने मेन रोडच्या दुकानातून नवा ड्रेस घेतला, स्वतः पसंत करून. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग गेला. बाई काहीही बोलल्या नाहीत. जुन्या बाजाराची इतकी वर्षं बाजू घेतलेल्या माणसाला ते किती कठीण गेलं असेल, हे मी समोरून पाहत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका बुधवारी आम्ही दोघी निघालो तेव्हा रेखा चपला घालून पायऱ्यांवर उभी होती. "मीही येते," ती म्हणाली. "पण मला काय हवं ते मी बघीन."

बाजारात ती कपड्यांच्या ढिगाकडे फिरकलीसुद्धा नाही. पत्र्याच्या सामानात तिला भूमितीच्या पितळी साधनांची एक लाकडी पेटी सापडली. आत निळं कापड, प्रत्येक साधनाला त्याच्या आकाराचा खळगा, आणि त्यातला एक खळगा रिकामा. बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "एक नग कमी आहे. बिजागरीही सैल आहे." मी म्हटलं, "मग सांगा तिला." त्यांनी मान हलवली. दोन्ही हात पाठीमागे नेऊन त्यांनी एकमेकांत घट्ट धरून ठेवले. रेखाने प्रत्येक साधन उघडून, मिटून पाहिलं, घासाघीस केली, एकदा उठून चालायलाही लागली आणि विकणाऱ्याने हाक मारल्यावर परत आली. पेटी घेऊन ती आमच्याकडे आली तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "छान आहे." मग मागे वळून त्यांनी चष्मा पुसला.

ती पेटी घेऊनच रेखा पुढे पॉलिटेक्निकला गेली. तिच्या वर्गात मुली चारच होत्या. पास झाल्यावर सातपूरच्याच एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात तिला नोकरी लागली, आणि पहिल्या पगाराच्या रविवारी ती आईला आणि मला साडीच्या दुकानात घेऊन गेली. पांढऱ्या गादीवर आम्ही बसलो. दुकानदार एकामागून एक साड्या उलगडत होता. बाजारात कुणालाही न जुमानणाऱ्या साळवेबाई तिथे हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, परक्या घरी आल्यासारख्या.

"आई, तू निवड," रेखा म्हणाली. "मी मध्ये बोलणार नाही."

तासभर लागला. बाईंनी मोहरी रंगाची, बारीक लाल काठांची सुती साडी घेतली. घरी येऊन ती कपाटात ठेवली आणि सणाला, लग्नाला कशालाच नेसल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "नेसेन की."

साळवेबाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी मायलेकींनी इंदिरानगरला घर घेतलं. तिकडे तेव्हा नवी बांधकामं उठत होती, रस्ते अजून मातीचेच होते. सामान न्यायला टेम्पो आला त्या सकाळी कॉलनीतल्या सगळ्या बाया मदतीला उतरल्या, साहजिकच जुनेरी नेसून. साळवेबाई दारातून बाहेर आल्या त्या मोहरी रंगाची नवी कोरी साडी नेसून, आणि सरळ एका ट्रंकेची कडी धरून उचलू लागल्या. मी दुसरी कडी धरली.

"बाई, धुळीच्या कामाला नवी साडी?" मी म्हटलं. "खराब होईल ना."

ट्रंक टेम्पोत चढवून त्यांनी काठावरची धूळ झटकली आणि हसल्या.

"होऊ दे गं," त्या म्हणाल्या. "जुनी व्हायचीच आहे, तर माझ्याच अंगावर होऊ दे."