ठकूमावशीचं खोपट

कुणीही समोर आलं की ठकूमावशी आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. रामराम त्यानंतर. मेंढराच्या अंगात रक्त कमी झालंय का, हे धनगर पापणीच्या रंगावरून ओळखतात. मावशीने तोच नियम माणसांना लावला होता आणि त्यात ती लहानमोठं काही मानत नसे. एकदा लस टोचायला आलेल्या डॉक्टरांनी तिचा दंड धरला, तर तिने दुसऱ्या हाताने त्यांचीच पापणी ओढली. "फिक्कट हाय," ती म्हणाली. "डाक्टर, नाचणी खात जावा." डॉक्टर आधी दचकले आणि मग इतके हसले की त्यांना सुई बाजूला ठेवावी लागली. नेरे या आमच्या गावात सगळ्यांच्या पापण्या तिने कधी ना कधी ओढल्या होत्या. माझा थोरला भाऊ बबनदादा ज्यांच्यासमोर मान वर करून बोलायचा नाही, ते आमचे वडील, अण्णा, तेसुद्धा तिच्यापुढे निमूट डोळा मोठा करून उभे राहत.

मावशी विधवा होती, मूलबाळ नव्हतं. ओढ्यापलीकडच्या माळावर तिचं घर, चाळीसेक मेंढरं आणि तुकडाभर जमीन. पिकं निघाली की तिची मेंढरं आमच्या रानात बसायची. कळप रात्री शेतात मुक्कामाला ठेवायचा, त्याचं खत जमिनीला मिळायचं आणि बदल्यात मावशीला वर्षाचं धान्य. उंच, काटक बाई. खांद्यावर कायम घोंगडी. बोलणं असं की ऐकणाऱ्याने आधी जरा सावरून उभं राहावं. "मेंढरू बोलत न्हाई म्हणून त्याचं दुखणं कळतंय," ती म्हणायची. "माणूस बोलतंय, म्हणून कळत न्हाई."

तिचा आणखी एक नियम होता. बाजारातून आणलेलं जनावर ती थेट कळपात सोडत नसे. घरापासून हाकेच्या अंतरावर तिचं एक खोपट होतं. कुडाच्या भिंती, वर गवत. नवं जनावर त्यात दहा दिवस एकटं राहायचं. रोज संध्याकाळी ती दारावरच्या सुतळीला एक गाठ मारायची, दहा गाठी झाल्या की जनावर कळपात जायचं. "दिसाया चांगलं दिसतंय, पर पोटात काय घिऊन आलंय ते त्यालाच ठावं," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी लहानपणी त्या खोपटातल्या मेंढ्यांना कुडाच्या फटीतून पाला द्यायची आणि मला त्यांची फार दया यायची.

सत्तावन्न साली मी मॅट्रिक झाले. पुण्यात मामाकडे राहून शिकले होते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कुणीच गेलं नव्हतं, मुलीची तर बातच सोडा. कॉलेजचं नाव काढल्यावर अण्णांनी आठ दिवस अबोला धरला, आणि मग म्हणाले, "एक वरीस बगतो. काय वंगाळ झालं की त्याच दिशी घरी." ही परवानगी होती की धमकी, ते मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र ट्रंक भरली आणि, मामाची पुण्याबाहेर बदली झाल्यामुळे, वसतिगृहात जाऊन पडले.

कॉलेज सुरू झालं आणि पाठोपाठ फ्ल्यूची साथ आली. पहिल्या आठवड्यात वर्गात बसायला जागा नव्हती. तिसऱ्या आठवड्यात आम्ही आठजणी उरलो. प्राध्यापक नाकाला रुमाल लावून शिकवायचे आणि मधेच थांबून खिडकीपाशी जायचे. मैत्रिणी म्हणाव्यात अशा कुणी व्हायच्या आतच त्या घरी गेल्या होत्या. ज्या मुलीशी मी पहिल्यांदा नीट बोलले, तिचं नाव मला तिच्या रिकाम्या खाटेवरच्या चिठ्ठीतून कळलं. शेवटी रेक्टरबाईंनी आम्हाला गोळा केलं आणि वसतिगृह बंद करत असल्याचं सांगितलं. पुन्हा उघडलं की पत्र येईल, पत्र आल्यावर आठवड्यात हजर व्हायचं. नाही झालं तर खोली गेली आणि टर्मही गेली.

त्या दिवशी सकाळपासून माझा घसा दुखत होता. मी कुणाला बोलले नाही. एसटीने जिथवर जाता येत होतं तिथवर गेले, ट्रंक तिथल्या ओळखीच्या दुकानात ठेवली आणि पुस्तकांची पिशवी घेऊन मारुंजी गावावरून चालत निघाले. डोळ्यांची आग होत होती, पायांत गोळे येत होते. मनात एकच घोकत होते: अण्णांना कळता कामा नये. ताप म्हणजे वंगाळ, आणि वंगाळ म्हणजे त्याच दिवशी घरी. दोन दिवस हसतखेळत काढायचे, ताप आपोआप उतरेल. अठरा वर्षांच्या मुलीची अक्कल तेवढीच.

ओढ्यापाशी मावशी मेंढरं घेऊन उभी होती. मी लांबूनच हसले. तिने पुढे होऊन माझी पापणी ओढली, मग मानेला हात लावला.

"कवापासनं हाय?"

"काय? काय न्हाई गं मावशी. चालून आले म्हणून अंग गरम लागतंय."

"खोटं बोलायला शिकवत्यात का तितं?" ती म्हणाली. "घरला जायाचं न्हाई. माज्यासंगं चल."

मी चिडले, रडले, तिचे पायही धरले. अण्णांना कळलं तर कॉलेज सुटेल, हेही सांगून टाकलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "इंदे," ती म्हणाली, "तुजी वयनी पोटुशी हाय. दिस भरत आल्यात. इसारलीस?"

मी विसरले नव्हते. मी तो विचार मनात येऊच दिला नव्हता, आणि हे त्याहून वाईट होतं. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते. मी गुमान तिच्यामागून चालायला लागले.

तिने मला खोपटात नेलं. तिथे बाजारातून आणलेली एक मेंढी आधीच बांधलेली होती. मावशीने मधे कूड उभा केला, माझ्या बाजूला कोरडं गवत आणि त्यावर घोंगडी टाकली. "तू आन् ही," ती म्हणाली, "दोगी बाजारातनंच आलाय." दारावरच्या सुतळीला मेंढीच्या चार गाठी होत्या. माझ्यासाठी तिने दुसरी सुतळी बांधली. मग काठीने खोपटाभोवती, वीसेक पावलांवर, चिखलात एक रेघ ओढली, रेघेवर एक दगड ठेवला आणि आमच्या घरी सांगायला गेली.

पहिले तीन दिवस मला धड आठवत नाहीत. वर पाऊस, खाली घोंगडीचा वास, पलीकडे मेंढीचं रवंथ. मावशी पेज पाजायची, कपाळावर ओली पट्टी ठेवायची, अंग पुसून काढायची. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "मावशी, तुला नाही का होणार?"

"व्हईल तवा बगू. शिवल्याबिगर पेज पाजता येती व्हय?"

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला. आई रेघेपाशी येऊन पोरीला सोड म्हणाली. मावशी म्हणाली, गाठी चारच झाल्यात. आईने घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, तासाभरात अण्णा तणतणत आले. गावात चर्चा सुरू झाली होती की ठकीने अमक्याची पोर मेंढरात बांधून घातली आहे.

"ठके, पोरीला सोडतीस का न्हाई?"

"न्हाई. आन् तितंच थांबा, रेग वलांडू नका."

"यंदा तुजी मेंढरं माज्या रानात बसायची न्हाईत. सांगून ठिवतो."

वर्षाचं धान्य चाललं होतं. मी कुडाच्या फटीतून तिचं तोंड बघत होते. तिने घोंगडी खांद्यावर नीट घेतली.

"बसवू नका. रान तुमचं हाय," ती म्हणाली. "पर पोर दहा दिस हितनं सुटायची न्हाई."

अण्णा पाय आपटत गेले. त्यांच्यासमोर असं बोलणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या बाईपुढे मला माझं मॅट्रिक फारच किरकोळ वाटलं.

पुढच्या दोनतीन दिवसांत वरच्या आळीतून बातमी आली. पुण्यात हमाली करणारा एकजण माझ्याच आगेमागे गावी आला होता आणि सरळ घरात शिरला होता. घरातली पाचही माणसं आडवी झाली, त्याची म्हातारी आई गेली. आणि ही बातमी आली त्याच संध्याकाळी आमची वहिनी सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली हे सांगायला अण्णा स्वतः आले, रेघेच्या अलीकडे एक पाऊलही न टाकता. मेंढरांबद्दल ते काही बोलले नाहीत, मावशीनेही विचारलं नाही.

नवव्या दिवशी ते पुन्हा आले. हातात पत्र होतं.

"बोर्डिंग उगडलंय," ते म्हणाले. "पर इंदूनं आता जायाचं न्हाई. तितं अजून ताप हाय. पोर जगली, लई झालं."

मावशी जवळच एका मेंढीच्या खुरातला काटा काढत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "आण्णा, देवी यिऊन गेल्याली मेंढी परत देवीनं मरती का?"

"न्हाई."

"मग? हिचा ताप यिऊन गेला. तुमच्या घरात तितं जायाला आता ही एकलीच पक्की हाय. तुमी जाऊ नका, बबनला धाडू नका. धाडायचं तर हिलाच धाडा."

अण्णांनी नेमका नको तो प्रश्न विचारला. "आली तवा हिला ठावं व्हतं का, ताप हाय म्हणून?"

मी मावशीकडे पाहिलं. एवढं एक खोटं बोल, असं डोळ्यांनी विनवलं.

"व्हतं," ती म्हणाली. "लपवून घरला निगाली व्हती."

"का?"

"तुमच्या भ्यानं. मरायला भ्याली न्हाई, तुमी शिक्षाण सोडवाल म्हणून भ्याली. तुमच्या भ्यानं पोटुशा बाईच्या घरात ताप घिऊन चालली व्हती." काटा निघाला, तो तिने बाजूला टाकला. "आण्णा, लेकराला खरं बोलता यील, असं काईतरी करा."

अण्णा उभेच राहिले. मला वाटलं, आता संपलं सगळं. त्यांनी पत्राची घडी घातली, ती रेघेवरच्या दगडावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारी सकाळी बैलगाडी काढतो. वाटंत काय दुखलंखुपलं तर सांग."

पुढे मी शिकले, शिक्षिका झाले. तीस वर्षांत कितीतरी मुलं माझ्याशी खोटं बोलली आणि प्रत्येक वेळी मला आधी स्वतःकडेच बघावं लागलं. ही सवय मला कुठल्या कॉलेजने लावली नाही.

त्याच वर्षी दिवाळीला मी घरी आले, तेव्हा वहिनीने सांगितलं. मी गेल्यावर चारच दिवसांनी मावशीला ताप भरला. तिने बांधावरून हाक मारून अण्णांना "माजी मेंढरं बगा" म्हणून सांगितलं, स्वतः खोपटात जाऊन पडली आणि कुणालाही रेघ ओलांडू दिली नाही. मला तिने शिवून, पुसून बरं केलं होतं. स्वतःच्या वेळी मात्र एकटी. अण्णा रोज दोन्ही वेळा पेज घेऊन जायचे, दगडावर ठेवायचे, मागे सरकायचे आणि ती बाहेर येऊन भांडं उचलेपर्यंत तिथेच उभे राहायचे. एक दिवस ती बाहेर आलीच नाही, तेव्हा ते संध्याकाळपर्यंत पावसात उभे होते. आणि मला कुणी काही कळवलं नाही, कारण तिने बजावलं होतं, "तिला कळवू नका. ती शिकतीया."

मी तशीच ओढा ओलांडून धावत गेले. मावशी उन्हात बसली होती, निम्मी झालेली. मी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि "माझ्यामुळे झालं, मावशी, माझ्यामुळे," म्हणत हमसून हमसून रडले. तिने मला पोटभर रडू दिलं.

"रडतीस कशाला?" ती म्हणाली. "आता मी बी पक्की झाले. पुढल्या साथीला सरळ हिकडंच ये."